उत्तर आधी सांगू नका: शिक्षक-प्रशिक्षणात ‘प्रसंग’ कसा वापरावा

चौथीतल्या एका मुलीच्या वहीतली ही पाच गणितं पाहा.

८६ − ४२ = ४४
९५ − ६१ = ३४
५२ − ३७ = २५
४०३ − १५८ = ३५५
७० − २६ = ५६

पहिली दोन बरोबर, पुढची तीन चूक. खाली लाल शाईत शेरा: ‘वजाबाकी कच्ची. सराव घ्यावा.’

हे पान सहा-सात छात्राध्यापकांच्या, म्हणजे शिक्षक होण्याचं प्रशिक्षण घेणाऱ्यांच्या, गटापुढे ठेवायचं आणि एकच प्रश्न विचारायचा: उद्या सकाळी या मुलीला समोर बसवून तुम्ही काय कराल? हातच्याच्या वजाबाकीवर आधी व्याख्यान नाही, चुकांच्या प्रकारांची यादी नाही, ‘या घटकाची उद्दिष्टे’ असा फळा नाही. अडचण आधी येते. तिच्यातून प्रश्न उभे राहतात आणि त्या प्रश्नांची उत्तरं शोधायला पुस्तक उघडलं जातं. याला समस्याधारित अध्ययन म्हणतात. गटापुढे ठेवलेला तो कागद म्हणजे प्रसंग.

एवढं वाचून ‘हे तर आम्ही करतोच’ असं बऱ्याच जणांना वाटेल. पण नेहमीच्या तासिकेत सिद्धान्त आधी येतो आणि उदाहरण त्याच्या मागून, सिद्धान्त पटवायला. इथे क्रम उलटा आहे, आणि क्रम उलटला की वर्गात काय घडतं हे पाहण्यासारखं असतं.

पाच गणितांत काय दडलंय

पहिल्या दहा मिनिटांत गटातून काय ऐकू येतं ते जवळपास ठरलेलं आहे. ‘मुलीचं लक्ष नसतं.’ ‘पाया कच्चा आहे.’ ‘हातचा येत नाही.’ ‘घरी कोणी अभ्यास घेत नसेल.’ यावर सुलभकाने, म्हणजे गटाची चर्चा चालवणाऱ्या प्रशिक्षकाने, वाद घालायचा नाही. फक्त विचारायचं, ‘घरचं तुम्हाला कशावरून कळलं?’ कागदावर घराबद्दल एक अक्षरही नाही. गट जरा थबकतो. मग फळ्यावर तीन रकाने आखले जातात: काय दिसतंय, काय वाटतंय, काय शोधायला हवं. ‘घरी अभ्यास घेत नाहीत’ हे दुसऱ्या रकान्यात जातं. पहिल्या रकान्यात सुरुवातीला फार थोडं उरतं, आणि ते थोडं असल्यामुळेच सगळे पुन्हा वहीकडे वळतात.

आता कुणाच्या तरी लक्षात येतं की बरोबर आलेल्या दोन्ही गणितांत हातच्याची गरजच नाही. चुकलेल्या तिन्हींत आहे. म्हणजे लक्ष नसल्याने होणारी चूक ही नव्हे, कारण लक्ष नसलेलं मूल कुठेही चुकलं असतं. मग ५२ − ३७ घेतलं जातं. एक जण म्हणतो, ‘वर २, खाली ७. तिने सरळ सातातून दोन काढले, ५ आले. मग पाचातून तीन, २. उत्तर २५.’ दुसरी म्हणते, ‘नाही, तिने हातचा घेतलाय. बारातून सात गेले, ५ राहिले. पण दशकाच्या घरातल्या पाचाचे चार करायला ती विसरली. पाचातून तीन गेले, २. उत्तर २५च.’

दोघांचंही बरोबर. दोन वेगळ्या चुका, उत्तर एकच. आणि उपाय मात्र अगदी वेगळे. जिला हातचा म्हणजे काय हेच ठाऊक नाही, तिच्यासाठी काड्यांच्या गठ्ठ्यांपासून सुरुवात करावी लागेल. जिला तो कळलाय पण नोंदवायचा राहतो, तिला वरचा आकडा खोडून नवा लिहिण्याची सवय लावली तरी पुष्कळ काम होईल.

मग ४०३ − १५८ तपासलं जातं. तिथेही दोन्ही वाटांनी ३५५ येतं. निकाल लागतो तो ७० − २६ वर. पहिल्या वाटेने ५६ येतं, दुसऱ्या वाटेने ५४. मुलीने लिहिलंय ५६. म्हणजे प्रत्येक घरात ती मोठ्या आकड्यातून लहान आकडा काढतेय, मग मोठा आकडा वर असो की खाली.

चांगला गट इथे थांबत नाही. बाकीची दोन गणितं निकाल का लावू शकली नाहीत? कारण ७ आणि २, ८ आणि ३, ५ आणि ० या सगळ्या जोड्यांत फरक पाचाचा आहे. दहातून पाच गेले तरी पाचच उरतात, म्हणून दोन्ही चुकांचं उत्तर एकच येतं. चाचणीसाठी वजाबाकीची गणितं निवडताना हा पाचाचा फरक टाळायला हवा, हे छात्राध्यापक इथे स्वतः शोधून काढतो. आणि एका गणितावर निदान टेकवायचं नसेल तर मुलीला आणखी एक द्यावं लागेल, समजा ६४ − २८. बरोबर उत्तर ३६. पहिल्या चुकीने ४४ येईल, दुसरीने ४६.

‘तिला विचारलं तर ती काय म्हणेल?’ असा प्रश्न गटातून आला की सुलभक दुसरं पान देतो. तो प्रश्न आलाच नाही, तर पान त्याच्याजवळच राहतं. त्या पानावर मुलीचं एवढंच बोलणं आहे: ‘मोठ्यातून लहान जातं. दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन काढले.’

हे वाचल्यावर गट गप्प होतो, कारण हे वाक्य तिला कुणीतरी शिकवलेलं आहे. ‘नेहमी मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करायची’ असं आपणच वर्गात सांगतो. अख्ख्या संख्येबद्दल ते त्या वयात ठीक चालतं. मुलीने ते एकेका घरातल्या आकड्याला लावलं. ती नियम मोडत नव्हती, इमानदारीने पाळत होती. तिच्याकडून ‘सराव घ्यावा’ म्हणून आणखी चाळीस गणितं करून घेतली असती, तर चूकच पक्की झाली असती.

आता या गटाला स्थानिक किंमत शिकायची आहे. ५२ म्हणजे ५ दशक २ एकक, आणि तेच ४ दशक १२ एककही. एक गठ्ठा सोडला की काड्या तेवढ्याच राहतात, मांडणी बदलते. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या संशोधकांनी १९७८ मध्ये संगणकाच्या मदतीने मुलांच्या वजाबाकीतल्या चुकांचं विश्लेषण केलं आणि पुष्कळशा चुका निष्काळजीपणाच्या नसून पद्धतशीर असतात हे दाखवून दिलं. तेही आता वाचायला सांगता येतं. आधी सांगितलं असतं तर ती परीक्षेपुरती एक टीप झाली असती. आता त्या टिपेला धरायला वहीतली पाच गणितं आहेत.

ही पद्धत आली कुठून

वैद्यकीय शिक्षणातून. कॅनडातल्या हॅमिल्टन शहरातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेत १९६९ साली पहिली तुकडी आली. दोन-तीन वर्षं नुसती शरीररचना, शरीरक्रिया शिकवायची आणि रुग्ण नंतर दाखवायचा ही जुनी रीत तिथे मोडली. विद्यार्थी लहान गटांत बसून सुरुवातीपासून रुग्णाच्या तक्रारीवरून शिकू लागले. तिथे काम केलेले मेंदूविकारतज्ज्ञ हॉवर्ड बॅरोज यांचं नाव या पद्धतीशी कायमचं जोडलं गेलं. पुस्तकी ज्ञान भरपूर असलेले विद्यार्थी प्रत्यक्ष रुग्णापुढे त्या ज्ञानाचा उपयोग करू शकत नाहीत, ही त्यांना खुपणारी गोष्ट होती. फळ्यावरचे रकानेही त्यांच्याच पद्धतीतून आलेले आहेत. त्यांच्याकडे चौथा रकाना असे, पुढे काय करायचं याचा.

पुढे नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या विद्यापीठाने १९७४ पासून सगळा अभ्यासक्रमच असा बांधला आणि गटाच्या कामाला सात पायऱ्यांची शिस्त लावली. अनोळखी शब्द स्पष्ट करायचे, समस्या नेमकी मांडायची, आत्ता जे माहीत आहे त्यावरून कारणं सुचवायची, ती कारणं नीट जुळवून मांडायची, काय शिकायला हवं ते ठरवायचं, मग प्रत्येकाने स्वतंत्र अभ्यास करायचा आणि परत येऊन तो एकमेकांपुढे ठेवायचा. यातली पाचवी पायरी मला सगळ्यात मोलाची वाटते. ‘मला अमुक माहीत नाही’ हे नेमक्या शब्दांत मांडता येणं हे शिक्षकाला आयुष्यभर लागतं, आणि आपल्या अध्यापक विद्यालयांत त्याचा सराव जवळपास होतच नाही.

शिक्षकाला हे का हवं? कारण त्याचा दिवस अपुऱ्या माहितीवर निर्णय घेण्यातच जातो. कोणतं मूल का अडलंय हे कळायच्या आत दुसरं अडतं. द्विशिक्षकी शाळेत तर दोन-तीन इयत्ता एकाच खोलीत असतात. सूक्ष्म अध्यापनाने, म्हणजे छोट्या गटापुढे काही मिनिटांचा सराव-पाठ घेऊन, एकेक कौशल्य घोटून घेता येतं: प्रश्न विचारणं, फलकलेखन, प्रबलन (शाबासकी देऊन प्रतिसाद वाढवणं). पाठ टाचणाने, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्याने, आखणी शिकता येते. पण टाचण कोलमडल्यावर पुढच्या दोन मिनिटांत काय करायचं, हे या दोन्हींत कुठेच येत नाही.

प्रकल्प पद्धतीशी याची गल्लत होते म्हणून थोडक्यात सांगतो. प्रकल्पात शेवटी काहीतरी तयार होतं, तक्ता असो, अहवाल असो की साहित्य. इथे तयार होतो तो एक तपासलेला निर्णय आणि तो घेताना मिळवलेलं ज्ञान.

प्रसंग लिहिणं हेच अवघड काम

बहुतेक प्रयोग इथेच फसतात. प्रसंगाचं नाव ‘हातच्यात चुकणारी मुलगी’ ठेवलं की शोधायला काही उरत नाही. ‘आळशी’, ‘हुशार पण खोडकर’, ‘अशिक्षित पालक’ ही विशेषणं तर आधीच निकाल देऊन टाकतात. प्रसंगात कच्चा माल असावा: वहीचं पान, हजेरीपत्रकाचा एक महिना, मुलाचं बोलणं जसंच्या तसं, मधल्या सुट्टीत दिसलेलं दृश्य. अर्थ लावायचं काम गटाचं. नावगाव अर्थातच बदललेलं असावं, खऱ्या मुलाची ओळख पटता कामा नये.

दुसरी गोष्ट, एकाच प्रसंगात सगळं कोंबू नये. ऊसतोडीला गेलेले पालक, घरची वेगळी भाषा, गणितातली चूक आणि डोळ्याचा नंबर, हे सगळं एकाच मुलाच्या माथी मारलं की गट हळहळतो आणि विचार थांबतो. स्थलांतरावर प्रसंग हवा असेल तर तो स्थलांतरावरच असू द्या. दिवाळीनंतर कारखान्याच्या तळावर गेलेला बीडकडचा मुलगा एप्रिलमध्ये परत येतो. हजेरीपत्रकात मधले महिने कोरे आहेत. वर्ग चौथीचा, वाचन दुसरीचं. शाळा संपायला मोजके दिवस आहेत आणि वर्गात आणखी तीस मुलं आहेत. इथे हंगामी वसतिगृहाची चौकशी होते. शिक्षण हक्क कायद्यात वयानुरूप वर्गात दाखल झालेल्या मुलासाठी विशेष प्रशिक्षणाची तरतूद आहे, ती शोधली जाते. आणि शेवटी तो कळीचा प्रश्न येतो: उरलेल्या दिवसांत काय शिकवायचं आणि काय सोडून द्यायचं? सोडून द्यायचं हे ठरवताना छात्राध्यापकांना खरी कसरत पडते, कारण अभ्यासक्रम ‘पूर्ण करणं’ एवढंच त्यांनी पाहिलेलं असतं.

मेळघाटातला एक प्रसंगही चांगला चालतो. पहिलीतली कोरकू बोलणारी मुलगी वर्गात महिनाभर एक शब्द बोललेली नाही. शिक्षकाची नोंद: ‘प्रतिसाद नाही.’ मागितलं तरच मिळणाऱ्या पानावर लिहिलेलं असतं की मधल्या सुट्टीत ती मैत्रिणींबरोबर खडे मोजत होती, आपल्या भाषेत, न चुकता. मोजता येणं आणि मराठीत मोजता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे सूत्र म्हणून सांगितलं तर वहीत उतरतं, आणि असं सापडलं तर पुढच्या शाळेत आठवतं.

काही प्रसंगांत उत्तर ठाम असतं आणि ते गटाच्या मतावर सोडता येत नाही. समजा, पालक स्वतः येऊन सांगतात, ‘गुरुजी, दोन फटके द्या, पण याला शिकवा.’ चर्चा रंगते, निम्मा गट पालकांच्या बाजूने जातो. पण २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ प्रमाणे शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी आहे आणि पालकाच्या परवानगीने ती उठत नाही. अशा ठिकाणी सुलभकाने कायदा स्पष्ट सांगायलाच हवा. चर्चा करायची ती पुढच्या प्रश्नावर: त्या पालकाला न दुखावता परत कसं पाठवायचं आणि मुलाशी काय बोलायचं?

सुलभकाने गप्प बसायचं ते किती

अध्यापकाचार्यांना, म्हणजे शिक्षक घडवणाऱ्या प्राध्यापकांना, हीच गोष्ट सर्वांत जड जाते. उत्तर माहीत असतं, गट चुकीच्या दिशेने चाललेला दिसतो आणि जीभ वळवळते. पण काहीच न बोलणं हेही चूक आहे. गटाला रस्ता दाखवणारे थोडे प्रश्न हाताशी ठेवावेत: हे कशावरून वाटतं? याच्या उलट काही दिसतंय का? आणखी एकच गोष्ट विचारता आली तर काय विचाराल? गटात कोणी एक सारखा बोलत असेल तर फळ्यावर लिहिण्याचं काम त्याच्याकडे द्यावं, बोलणं आपोआप कमी होतं.

या पद्धतीवर मोठा आक्षेप आहे आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या तिघा संशोधकांनी २००६ मध्ये मांडलं की नवशिक्याला मोकळं सोडून शिकवण्याचे प्रकार, समस्याधारित अध्ययन धरून, फारसे परिणामकारक नसतात. माणसाची कार्यकारी स्मृती, म्हणजे एका वेळी डोक्यात धरून ठेवायची जागा, मर्यादित असते. विषय नवा असेल तर शोधाशोधीतच ती भरून जाते आणि शिकायला जागा उरत नाही. पुढच्याच वर्षी सिंडी मेलो-सिल्व्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर दिलं की नीट चालवलेलं समस्याधारित अध्ययन मोकळं नसतंच. प्रसंगाची रचना, रकाने, टप्प्याटप्प्याने मिळणारी पानं आणि सुलभकाचे प्रश्न हा सगळा आधारच असतो.

माझं मत दोन्हींच्या मधलं नाही, ते शिकणारा कोण आहे यावर ठरतं. डी.एल.एड.च्या (प्राथमिक शिक्षकाच्या पदविकेच्या) पहिल्या वर्षातल्या मुलाला स्थानिक किंमतच नीट समजावता येत नसेल, तर वरचा वजाबाकीचा प्रसंग त्याच्यासाठी आंधळी कोशिंबीर ठरेल. त्याला आधी काड्या आणि गठ्ठे हातात द्यावेत, नीट समजावून सांगावं, मग छोटा प्रसंग द्यावा. दहा वर्षं शिकवलेल्या शिक्षकाला मात्र तोच प्रसंग आधार न देता द्यावा. त्याच्याकडे शेकडो वह्या पाहिल्याचा अनुभव आहे, फक्त तो कुणी त्याला विचारत नाही. सेवांतर्गत प्रशिक्षणात, म्हणजे नोकरीत असताना होणाऱ्या प्रशिक्षणात, अशा माणसाला सरकपट्ट्या (स्लाइड्स) वाचून दाखवणं हा त्याच्या अनुभवाचा अपमान आहे.

जागा आणि वेळ

वेळ जास्त लागतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. व्याख्यानाच्या एका तासिकेत जे ‘होतं’, त्याला इथे दोन बैठका लागतात आणि मध्ये वाचायला काही दिवस. म्हणून सगळा अभ्यासक्रम असा शिकवायचा हट्ट धरू नये. प्रत्येक सत्रात मोजकेच प्रसंग, तेही जिथे शिक्षक हमखास अडतात अशा घटकांवर, घेतले तरी चालेल.

जागा तर आपल्याकडे तयार आहेत. दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये छात्राध्यापकाने वीस आठवडे शाळेत घालवायचे असतात. तो काळ फक्त पाठ घेऊन शेरे जमवण्यात घालवण्यापेक्षा, प्रत्येकाने तिथून एक प्रसंग लिहून आणावा आणि कॉलेजात तो दुसऱ्या गटाने सोडवावा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत अशी अपेक्षा आहे. केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद महिन्याच्या महिन्याला भरते. परिपत्रकं वाचून झाल्यावर उरलेल्या वेळात एका शाळेने एका वहीचं एक पान, नाव झाकून, मधे ठेवावं. केंद्रप्रमुखाने सुलभक व्हावं. याला निधी लागत नाही, की वरून आदेश यायची वाट पाहावी लागत नाही.

राहता राहिला गुणांचा प्रश्न, कारण गुण नसतील तर पद्धत टिकत नाही. अंतिम उत्तराला गुण दिले की गट पुन्हा ‘सरांना काय हवंय’ ते शोधू लागतो. त्याऐवजी पहिल्या बैठकीतले अंदाज आणि दुसऱ्या बैठकीतला निर्णय शेजारी ठेवून पाहावं: काय बदललं, आणि कोणत्या पुराव्याने? लेखी परीक्षेतही हे जमतं. दशांश अपूर्णांकांचं उदाहरण घ्या. सहावीतल्या मुलाला विचारलं, ०.७ आणि ०.८९ यांत मोठा कोणता? तो म्हणाला ०.८९. मग ०.३ आणि ०.४५? तो म्हणाला ०.४५. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. पण ‘शून्य पॉइंट एकोणनव्वद’ असं वाचणारं मूल ८९ हे ७ पेक्षा मोठे म्हणूनही हेच उत्तर देईल. प्रश्न छात्राध्यापकाला असा: या मुलाला दशांश कळलाय की नाही हे ठरवण्यासाठी तिसरी जोडी कोणती द्याल आणि का? ०.७ आणि ०.४५ यांसारखी जोडी लिहिली, कळलेलं मूल ०.७ म्हणेल आणि न कळलेलं ०.४५ हे सांगितलं, की पूर्ण गुण.